पावतीपुस्तक छापण्याआधी

गणपती जवळ आले की बारामतीच्या पेठेत, इंदापूरच्या बाजारात पावतीपुस्तकं फिरू लागतात. पुस्तक छापलं की वर्गणी मागायला मोकळे, हा समज चुकीचा. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. सोबत मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागेचं नाहरकतपत्र आणि गेल्या वर्षीचा हिशेब. घोडं अडतं ते या हिशेबापाशीच; मांडववाल्याची पावती ऐनवेळी कुणाकडेच सापडत नाही! परवानगी मिळाली म्हणजे दुकानदारावर सक्ती करता येते, असं मात्र नाही. दमदाटीने घेतलेली वर्गणी ही खंडणीच.