नागद्वारीची वाट आणि अंगावरचे ओले कपडे

आषाढ सरत आला की आंजी परिसरातून नागद्वारीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. दहा-बारा जण मिळून गाडी ठरवतात, छिंदवाड्यामार्गे पचमढी गाठतात आणि पहाटेच चालू लागतात. ही वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस ती उघडते, त्यामुळे पाऊस कितीही असो, माघारी फिरायला कोणी तयार नसते. निघण्यापूर्वी मंडळी दवाखान्यात येतात ती तापाच्या गोळ्या मागायला. गोळ्या मी देतोच. पण तिथे तापापेक्षा अंग गार पडण्याचे भय मोठे.

पावसाळ्यात एवढी थंडी कुठली, असे आपल्याला वाटते. पण आपला वर्धा भाग समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर पचमढी हजार मीटरच्या वर आणि शेजारचा धूपगड सुमारे १३५० मीटर. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. त्यात चढावर घामाने भिजायचे, माथ्यावर धुके, वारा, मग सर! ओले सुती धोतर-बनियान शरीरातील उष्णता भराभर ओढून घेते. शरीर हुडहुडी भरवून उष्णता निर्माण करते, पण त्यासाठी इंधन लागते. उपास धरून सहा-सात तास चाललेल्या माणसाजवळ ते फारसे उरलेले नसते.

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माणूस अडखळतो, बोबडे बोलतो, त्याला साधी गाठ सोडता येत नाही. सोबत्यांना वाटते थकला असेल, घेतली असेल, किंवा अंगात आले असेल. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. पण अशा वेळी आधी हात-पोट चाचपून पाहावे. हुडहुडी थांबली आणि माणूस सुस्तावला, तर ते बरे होण्याचे नव्हे, खालावण्याचे लक्षण आहे.

त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून अंग पुसावे, कोरडे घोंगडे गुंडाळावे, डोकेही झाकावे. शुद्धीवर असेल व गिळता येत असेल तर गरम, गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, शेकोटीला चिकटून बसवू नये. दारू तर मुळीच नको. तिने ऊब वाटते, पण उष्णता अधिकच बाहेर जाते. सुस्तावलेल्याला चालवू नये, आडवा उचलून मदत केंद्राकडे न्यावे.

मधुमेहींची गोष्ट वेगळी. "डाक्टरसाहेब, उपास हाये, पन गोळी सकाळीच घेऊन टाकतो," असे एक पन्नाशीचे शेतकरी मला सहज सांगून गेले. मी त्यांना परत बोलावले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी, रिकामे पोट आणि दिवसभराचा चढउतार, यांनी साखर धोकादायक खाली येते. तेव्हाही माणूस थरथरतो, बरळतो. गारठ्याने झाले की साखरेने, हे रानात ओळखणे कठीण. गिळता येत असेल तर दोन्ही वेळी साखर द्यावी. खिशात गूळ किंवा साखर ठेवावीच.

प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा जोड आणि लोकरी कापड प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावे. गाडीत ठेवलेले वर उपयोगी पडत नाही. ज्यांना चढताना छातीत भरून येते त्यांनी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी, निघण्याच्या आठ दिवस आधी तपासून घ्यावे. आदल्या रात्री येऊ नये.