खाच दिसली, उत्तर अर्धंच मिळालं

1973 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅन्विल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या फांद्याफांद्यांच्या पेशींचं वर्णन केलं. शरीरात शिरलेल्या परक्या प्रथिनाचे तुकडे करून ते रोगप्रतिकारक टी-पेशींपुढे मांडण्यात या डेंड्रायटिक पेशी सर्वांत तरबेज, हे पुढे कळलं. त्याच वर्षी लंडनमध्ये पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसच्या 75 रुग्णांपैकी 72 जणांत एचएलए-बी27 हे प्रथिन आढळलं. तुलनेसाठी घेतलेल्या 75 जणांत फक्त तिघांत. इतका ठळक संबंध, पण कारण कुणालाच सांगता येईना.

पुढच्याच वर्षी कॅनबेराला डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी दाखवलं की टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, तो स्वतःच्या एचएलए-सारख्या प्रथिनावर मांडलेला असावा लागतो. 1987 मध्ये पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी अशा एका प्रथिनाची रचना उलगडली. वरच्या बाजूला एक खाच होती, आणि तीत आधीच काहीतरी अडकलेलं होतं, बहुधा टी-पेशींपुढे मांडायचा तुकडाच! मला तरी या साऱ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत थरारक वाटतो.

आता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा रोगांचं कोडं सुटणार, असं वाटणं साहजिक होतं. सीलिअ‍ॅक या आतड्याच्या आजारात ते बरंचसं सुटलंही. गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेनच्या तुकड्यांवर आतड्यातलं एक विकर थोडा बदल करतं, ऋण भार येतो, आणि तो तुकडा डीक्यू2 किंवा डीक्यू8 या एचएलए प्रथिनांच्या खाचेत घट्ट बसतो. ग्लूटेन असलेलं अन्न बंद केलं की बहुतेकांचा दाह शमतो.

बी27 मात्र हट्टी निघालं. त्याची नीट घडीच पडत नाही म्हणून पेशीवर ताण येतो, असंही एक मत आहे. पण 2007 मध्ये तुकडे कातरणाऱ्या ईआरएपी1 या विकराच्या जनुकाचा या आजाराशी संबंध दिसला, तोही पुढे मुख्यतः बी27 असणाऱ्यांतच. त्यामुळे संशय पुन्हा खाचेकडे वळला. 2022 मध्ये रुग्णांच्या सांध्यांतल्या आणि डोळ्यांतल्या टी-पेशींवर असे ग्राहक (रिसेप्टर) सापडले, जे बी27वर मांडलेले जिवाणूंचे आणि शरीराचे स्वतःचे, दोन्ही तुकडे ओळखतात. यातला नेमका कोणता तुकडा आजाराची सुरुवात करतो, हे अजून ठरायचं आहे. तोवर औषधं टीएनएफ आणि आयएल-17 यांसारखे दाह भडकवणारे रेणू रोखून दाह कमी करतात. खाचेला ती हात लावत नाहीत.