अद्भुतरम्य कादंबरीचा चिरस्थायी संस्कार : ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’च्या संदर्भात

प्रस्तावना

कादंबरीतील बहुतेक घटना वाचनानंतर काही काळाने विस्मृतीत जातात. तरीही काही कलाकृती वाचकाच्या मनात कायमचे घर करून राहतात. वास्तववादी कादंबरीच्या बाबतीत याचे कारण वाचकाच्या अनुभवविश्वाशी असलेल्या तिच्या नात्यात शोधता येते. परंतु जिच्यातील भूमी, प्राणी आणि घटना कोणीही पाहिलेल्या नाहीत, अशी अद्भुतरम्य कादंबरी चिरकाल स्मरणात का राहावी? प्रस्तुत लेखात अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

विस्मय आणि संस्कार

भरताच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव मानला असून माया, इंद्रजाल यांची गणना त्याच्या विभावांत केली आहे. लौकिक अनुभवात मात्र विस्मय क्षणजीवी असतो. दुसऱ्यांदा पाहिलेला चमत्कार पहिल्याइतका चकित करीत नाही. म्हणजेच चमत्कारांची संख्या वाढवून वाचकावरील संस्कार टिकत नाही.

जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये दिलेल्या आणि १९४७ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झालेल्या परीकथांवरील व्याख्यानात या प्रश्नाची एक बाजू स्पष्ट केली आहे. ‘हिरवा सूर्य’ असे शब्द कोणीही उच्चारू शकतो. पण ज्या विश्वात तो सूर्य विश्वसनीय वाटेल असे विश्व रचणे हे कष्टसाध्य काम होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. काल्पनिक विश्वाला स्वतःचे नियम असावे लागतात, हा त्याचा अर्थ. येथे आणखी एक अट जोडणे आवश्यक वाटते : त्या नियमांची किंमत पात्रांना प्रत्यक्ष मोजावी लागली पाहिजे.

‘अर्थसी’तील नियम

अर्थसी हा असंख्य बेटांचा समुद्रप्रदेश आहे. तेथील जादू दोन तत्त्वांवर उभी आहे. प्रत्येक वस्तूला व व्यक्तीला प्राचीन भाषेत एक खरे नाव असते आणि ते ज्याला ज्ञात असेल त्याला तिच्यावर सत्ता प्राप्त होते, हे पहिले तत्त्व. दुसरे असे की, सृष्टीत एक समतोल आहे आणि जादूने केलेला प्रत्येक बदल त्याला धक्का देतो. पहिल्या नियमामुळे मानवी संबंधांनाही वेगळा अर्थ लाभतो : मित्राला आपले खरे नाव सांगणे म्हणजे आपला जीवच त्याच्या स्वाधीन करणे होय. नाम आणि नामी यांच्या अभेदाचा विचार भक्तिपरंपरेतून परिचित असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. मात्र तेथे नाम हे शरणागतीचे साधन आहे, तर येथे ते सत्तेचे.

सामर्थ्याची किंमत

कथानायक गेड हा एका खेड्यातील धातुकाम करणाऱ्याचा बुद्धिमान पण अहंकारी मुलगा. रोक बेटावरील विद्यालयात शिकत असताना तो ईर्ष्येपोटी एका मृत स्त्रीच्या आत्म्याला आवाहन करतो. त्यातून एक अनामिक छाया मोकळी सुटते, त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात आणि ते भगदाड बुजविताना विद्यालयाच्या प्रमुख आचार्यांना प्राण गमवावे लागतात. विद्यार्थ्याच्या उद्दामपणाची किंमत गुरूने चुकविली, ही घटना कोणत्याही अध्यापकाला अस्वस्थ करणारी आहे.

पुढे गेडला एका ड्रॅगनचे खरे नाव उमगते. ड्रॅगन त्या छायेचे नाव सांगण्याचे आमिष दाखवितो. गेड मात्र आपली सत्ता स्वतःच्या सुटकेसाठी न वापरता बेटवासीयांच्या सुरक्षिततेचे वचन मागून घेतो. येथे जादूचा नियम हा नैतिक निवडीचा प्रसंग बनतो. अखेरीस छायेपासून पळण्याऐवजी तो तिचाच पाठलाग करतो आणि तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. ‘त्या छायेचे नाव काय?’ या प्रश्नाचे उत्तर कादंबरीने आरंभीच घालून दिलेल्या नियमातून निघते. म्हणूनच ते अनपेक्षित असूनही अपरिहार्य वाटते.

हे तत्त्व लेखिकेने पुढेही सोडलेले नाही. ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) मध्ये गेड आपले सर्व सामर्थ्य खर्च करतो आणि अठरा वर्षांनी प्रकाशित झालेल्या ‘तेहानू’ (१९९०) मध्येही ते त्याला परत मिळत नाही. मोजलेली किंमत परत न मिळणे, हे या मालिकेच्या विश्वसनीयतेचे एक प्रमुख कारण म्हणता येईल.

मराठीच्या संदर्भात

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कृती निर्माण झाल्या. पुढे हरि नारायण आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वास्तवाभिमुख परंपरा दृढ केली. हे स्थित्यंतर निःसंशय मोलाचे होते. परंतु त्यामुळे ‘अद्भुतरम्य’ ही संज्ञा बहुधा वास्तववादापूर्वीची अपरिपक्व अवस्था या अर्थानेच रूढ झाली. परिणामी, अद्भुताचा आश्रय घेणारी प्रत्येक कृती पलायनवादी किंवा केवळ बालवाचकांसाठी असल्याचे गृहीत धरले जाण्याचा धोका संभवतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अद्भुतरम्य कादंबरीचा चिरस्थायी संस्कार चमत्कारांच्या वैपुल्यावर नव्हे, तर अद्भुताला घातलेल्या मर्यादेवर आणि त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीवर अवलंबून असतो. विस्मय ओसरतो, त्या किमतीचे स्मरण मात्र उरते. हा निकष वर्गात उपयोगात आणता येण्याजोगा आहे. विद्यार्थी एखाद्या अद्भुतरम्य कादंबरीविषयी उत्साहाने बोलू लागला, तर ‘हे खरे कसे असेल?’ असे न विचारता ‘येथे कशाला मनाई आहे आणि ती मोडणाऱ्याला काय गमवावे लागते?’ असे विचारावे. त्याच्या उत्तरातूनच त्या कृतीचे वाङ्मयीन मोल ठरविण्यास आरंभ होऊ शकेल.