स्पीकरमधली घरघर : चोर कुठे लपतो?

काळी एक पट्टीत मिळवलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झवर बोलतो. घरातल्या विजेच्या घरघरीत बहुतेकदा १०० हर्ट्झचा सूर असतो. म्हणजे पंचमाच्या किंचित खाली आणि अखंड. विलंबित ख्याल ऐकताना ती इतकी खुपते ती त्यामुळेच. मग माणूस पैसे खर्च करायला निघतो आणि बहुधा चुकीच्या जागी करतो.

‘अ‍ॅम्प्लिफायर गेला,’ हे पहिले अनुमान. ते तपासायला खर्च नाही. सगळे बंद करा, अ‍ॅम्प्लिफायरला मागून जोडलेल्या टीव्ही, लॅपटॉप, प्लेअरच्या केबल काढा, आवाज शून्यावर ठेवून पुन्हा चालू करा. घरघर थांबली तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. राहिली, तर दोष बहुधा त्याच्याच पॉवर सप्लायमध्ये. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचे डीसी करताना सेकंदाला १०० चढउतार उरतात आणि ते सपाट करणारे कॅपॅसिटर उष्णतेने, वयाने सुकतात. हे काम दुरुस्तीवाल्याचे. झाकण स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष ठरला की एकेक केबल परत जोडायची. जी जोडताच घरघर येते, तिथे चोर. माझा पहिला संशय नेहमी टीव्हीला बाहेरून येणाऱ्या केबलवर असतो. ती इमारतीत दुसरीकडे कुठेतरी जमिनीशी जोडलेली असते, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर घरातल्या अर्थिंगला. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये जरासा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. सेट-टॉप बॉक्समागची केबल काढताच शांतता झाली, तर निदान पक्के. केबल टीव्ही असेल तर त्या तारेवर लूप तोडणारा आयसोलेटर बसतो. डिशच्या तारेवर मात्र तो चालत नाही; त्याच तारेतून डिशवरच्या सिग्नल घेणाऱ्या भागाला (एलएनबी) १३ किंवा १८ व्होल्ट जातात, ते अडतात. तिथे टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूपच तुटतो. लॅपटॉपची परीक्षा आणखी सोपी : चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा.

सगळ्यात घातक सल्ला इथेच मिळतो. ‘प्लगची अर्थची पिन काढून टाक, घरघर जाईल.’ घरघर खरोखर जाते, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण आत फेजची तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर २३० व्होल्टला जमिनीकडे जायला सुरक्षित वाट उरत नाही. पुढे पेटीला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. इथे वाद घालण्यासारखे काही नाही : अर्थची पिन कधीही काढायची नाही.

तीन भोकांचा सॉकेट म्हणजे अर्थिंग आहेच, हाही भ्रमच. अनेक जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

महागड्या स्पीकर वायरींनी घरघर जात नाही. तिथला सिग्नल इतका जोरकस असतो की बाहेरचा त्रास त्याला सहसा लागत नाही. जपायला हवी ती अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीची केबल. तिच्या आरसीए पिनपाशी जाळी तुटली की मोठी घरघर सुरू होते. रेकॉर्ड प्लेअरचे तर विशेषच : सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो, रेकॉर्डची साधी सुई जेमतेम ५ मिलिव्होल्ट. म्हणून त्याला स्वतंत्र अर्थची बारीक तार असते. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडलेली आहे ना, ते आधी बघा.

स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, खरखर गाळत नाही.

आणि आवाज गुळगुळीत घरघरीऐवजी कर्कश, करवतीसारखा असेल, तर नजर वर न्या. सलग फिरणाऱ्या बटणाचा पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर विजेची लहर सेकंदाला १०० वेळा कापतो आणि तो त्रास तारांतून पसरतो. पंखा बंद करा. खरखर थांबली, तर टप्प्याटप्प्याने फिरणारा, कॅपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा; त्यात लहर कापली जात नाही.

तुमच्या घरी कुणी अर्थची पिन आधीच काढून ठेवली असेल, तर आजच नवा थ्री-पिन प्लग बसवून घ्या. घरघर नंतर शोधता येईल.