एकेका पेशीची हजेरी

गेल्या महिन्यात आमच्या खाला संधिवाताच्या तपासणीसाठी इस्पितळात गेल्या होत्या. तिथे त्यांना विचारण्यात आले, "संशोधनासाठी एक नळी रक्त जादा घेऊ का?" खाला घाबरल्या आणि सही न करताच परत आल्या. घरी येऊन आम्हाला म्हणाल्या, "बेटा, माझं रक्त घेऊन ते करणार तरी काय?" आम्ही शाळेत मुलांना शिकवतो, पण या सवालाचे नीट उत्तर आम्हालाही देता येईना. मग आम्ही वाचायला बसलो. जे समजले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

आपले शरीर सुमारे 37 लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. आजवर संशोधनात रक्ताचा किंवा मांसाचा तुकडा घेऊन त्यातल्या लाखो पेशी एकत्रच तपासल्या जात. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर वर्गाची सरासरी काढण्यासारखे हे काम. सरासरी 60 गुण आली म्हणून वर्ग ठीक आहे असे वाटते, पण मागच्या बाकावरचे नापास होणारे मूल त्यात दिसत नाही. आता एकेक पेशी वेगळी करून तपासता येते. शिवाय त्याच पेशीच्या अनेक नोंदी एकाच वेळी पाहता येतात. डीएनए जवळजवळ सगळ्या पेशींत सारखाच असतो, पण त्यातले कोणते हुकूम सध्या चालू आहेत ते आरएनए सांगतो, आणि प्रत्यक्ष काम प्रथिने करतात. एकाच मुलाची हजेरी, गुणपत्रिका आणि वही शेजारी ठेवून पाहावी, तसेच हे.

याचा फायदा काय? 2018 साली संशोधकांच्या दोन गटांना श्वासनलिकेच्या आतल्या थरात एक नवीन जातीची पेशी सापडली. तिला आयनोसाइट म्हणतात. ती इतकी थोडी असते की सरासरीत कधी दिसलीच नव्हती. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आनुवंशिक आजाराशी संबंधित जनुक याच पेशीत सर्वांत जोरात काम करताना आढळले. ते जनुक 1989 पासून माहीत होते, पण ही पेशी कुणाला ठाऊक नव्हती.

एवढे काम एका देशाच्या आवाक्यातले नाही. म्हणून 2016 साली लंडनच्या बैठकीतून 'ह्यूमन सेल ॲटलास' हा जागतिक उपक्रम सुरू झाला. आविव रेगेव आणि सारा टायशमन या दोन महिला शास्त्रज्ञांनी त्यात पुढाकार घेतला. पण अशा अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांचेच नमुने जास्त असत. ही उणीव भरून काढण्यासाठी आशियातील संशोधक एकत्र आले. जपान, कोरिया, सिंगापूर, थायलंड आणि भारत या पाच देशांतील 619 निरोगी माणसांच्या रक्तातल्या 12 लाखांहून अधिक रोगप्रतिकारक पेशी त्यांनी तपासल्या. सिंगापूरमधून चिनी, मलय आणि भारतीय वंशाचे लोक त्यात होते. 2025 साली हे काम प्रसिद्ध झाले. वय, स्त्री-पुरुष भेद आणि वंश यांनुसार या पेशींचे प्रमाण बदलते, असे त्यात दिसले. म्हणजे एका समाजासाठी 'नॉर्मल' असलेला आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आपले नमुने नसतील, तर आपल्या आजाराचे मोजमाप दुसऱ्यांच्या फूटपट्टीने होत राहील.

मग डोळे झाकून सही करावी का? मुळीच नाही. आपले रक्त ही संशोधकांच्या हाती दिलेली अमानत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा तुमचा हक्क आहे. नकार दिला म्हणून इलाज थांबवता येत नाही, आणि होकार दिल्यावरही माघार घेता येते. रक्त कशासाठी हवे, नाव गुप्त राहील का, नमुना किती दिवस ठेवणार, हे जरूर विचारा. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या : या संशोधनातून उद्याच औषध मिळणार नाही. फायदा झाला तर तो बहुधा आपल्या मुलाबाळांच्या पिढीला होईल.

हे सारे आम्ही खालांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर!" पुढच्या तपासणीला आम्ही सोबत जाणार आहोत. सही करायची की नाही, ते खालाच ठरवतील. कागद मात्र आम्ही त्यांना आधी पूर्ण वाचून दाखवणार आहोत.