भट्टीवर गेलेलीचे मत

राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव सह्या गोळा करून मतपेटीपर्यंत नेण्याचा अधिकार भारतात नागरिकाला नाही. कलम 368 ने ते काम संसदेकडे दिले आहे. 16 जानेवारी 1967 चा गोव्यातला जनमत कौलसुद्धा संसदेने कायदा केला म्हणून झाला. महाराष्ट्रात मात्र एका बाबतीत लोक स्वतः मतदान घडवून आणू शकतात. 25 मार्च 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी दारूदुकानाविरुद्ध सह्यांचे निवेदन दिले, की पडताळणी होऊन गुप्त मतदान लागते. मतपत्रिकेवर बाटलीची दोन चित्रे असतात. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या बाईचाही गोंधळ होऊ नये इतके हे सोपे आहे. घोळ मोजणीत आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात ही अट फार महाग पडू शकते. भात, नागली, वरई घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. पाड्यावर म्हातारी माणसे उरतात. समजा, यादीत 400 बायका आहेत आणि 120 भट्टीवर गेल्या. दुकान बंद करायला 201 मते हवीत, म्हणजे गावात असलेल्या 280 जणींपैकी जवळजवळ 72 टक्के. जी आलीच नाही तिचे मत आपसूक उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, पण नाव यादीतच राहिलेली, तिचेही तसेच. दुकानदाराला प्रचारसुद्धा करायला नको.

अट सैल केली तर मूठभर बायका गावाचा निर्णय करतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तोड अशी, की झालेल्या मतदानात बहुमत हवेच, शिवाय आडव्या बाटलीची मते यादीच्या किमान चौथ्या हिश्शाइतकी असावीत. जर्मनीच्या काही राज्यांत सार्वमताला अशी दुहेरी अट आहे. आपल्या 368 मध्येही हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश आणि एकूण सदस्यांचे बहुमत, दोन्ही लागते. पण खासदाराला हजर राहण्याचा भत्ता मिळतो. भट्टीवरच्या बाईला मजुरी हवी तर गावात गैरहजरच राहावे लागते. अट जेवढी कडक तेवढा निर्णय पक्का, हेही सरसकट खरे नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 2006 साली राज्यघटना-दुरुस्तीसाठी 60 टक्के मतांची अट आली, आणि ती अट स्वतः 60 टक्क्यांहून कमी मतांनी मंजूर झाली! ओहायोच्या मतदारांनी तसाच प्रस्ताव ऑगस्ट 2023 मध्ये फेटाळला.

दुसरा आक्षेप पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याचा. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत, 1996 च्या त्या कायद्याने मादक पदार्थांचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, मग मतदानाचा खटाटोप कशाला? कारण ग्रामसभेत नवऱ्यासमोर, विक्रेत्यासमोर हात वर करावा लागतो. गुप्त मतपत्रिकेचे मोल तिथे कळते. मोहाच्या दारूच्या चोरट्या भट्ट्यांना हे मतदान हात लावत नाही, तो पोलिसांचा आणि उत्पादन शुल्क खात्याचा प्रश्न. आदेशातली टक्केवारी बदलायला वेळ लागेल. तोवर निदान तारीख तरी गावाचे पंचांग पाहून ठरावी: लावणी उरकल्यानंतर आणि दिवाळीच्या आत, माणसे पाड्यावर असताना.