दुपारी तीनचे मोती

आमच्या घरी दुपारी तीनच्या सुमाराला मोती पिकतात. खोटं नाही सांगत! माशांच्या टाकीत हायड्रिला नावाची पाणवनस्पती आहे. सकाळी दहाला टाकीवरचा दिवा लावला की पहिले काही तास काहीच घडत नाही. मग पानांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे चकचकीत बुडबुडे धरतात, फुगतात आणि सुटून सरसर वर जातात.

हे बुडबुडे ऑक्सिजनचे. प्रकाशात पान आपलं अन्न बनवतं तेव्हा तो बाहेर पडतो, हे शाळेत शिकलाच असाल. पण मग दिवा लागल्या लागल्या बुडबुडे का नाही दिसत? कारण सुरुवातीचा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, सरबतात साखर विरघळते तसा. साखर फार झाली की तळाशी उरते ना? तसंच पाण्याचं पोट भरलं की उरलेला ऑक्सिजन मोती होऊन मिरवतो. दिवा मालवला की कारखाना बंद. रात्री वनस्पतीही माशांसारखी ऑक्सिजन नुसता घेतच राहते.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. माशांच्या टाकीला ‘अ‍ॅक्वेरियम’ म्हणायची पद्धतसुद्धा तेव्हा पडली नव्हती. पाणी न बदलता मासे जगवता येतील का, हे त्याला बघायचं होतं. 12 गॅलनचं काचेचं भांडं त्याने अर्धं भरलं. वाळू, चिखल, थोडे दगड, दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं एक रोप, एवढाच संसार. रोप ऑक्सिजन देई, मासे मजेत होते. पण काही दिवसांनी रोपाची जुनी पानं कुजायला लागली. पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. दुसरा कुणी असता तर भांडं रिकामं करून मोकळा झाला असता. वॉरिंग्टनने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली! हा प्रयोग त्याने 1850 मध्ये प्रसिद्ध केला. गोष्ट गोल्डफिशची म्हणून सांगतात, पण मला विचाराल तर नायिका गोगलगायच.

ते व्हॅलिसनेरियाही काही कमी नाही. दिसायला हिरव्या रिबिनींचा झुबका. दूर्वा जमिनीवर पसरतात तसं ते धावतं खोड पसरून वाळूत नवी नवी रोपं उभी करतं. त्याचं लग्न मात्र पाहण्यासारखं असतं. मादी फूल लांब देठावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येऊन थांबतं. नर फुलं तळाशीच देठापासून सुटतात, वर येतात आणि इवल्याशा होड्यांसारखी तरंगत तिच्याकडे जातात. परागकण मिळाले की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखी गुंडाळी करतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो.

आता माझ्या फजितीकडे वळू. पहिली टाकी मी हौसेने खिडकीत, उन्हात ठेवली. झाडांना ऊन आवडतंच की! पंधरा दिवसांत टाकीत पालकाचं सूप. ऊन भरपूर, त्यात माशांना घातलेलं जादा खाणं कुजलेलं, म्हणजे शेवाळाची दिवाळीच. तेव्हापासून टाकी उन्हापासून लांब, दिवा रोज आठ तास, आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच खाणं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालते, म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. खताची चिंता मात्र फारशी नाही. माशांच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया माशांना विषारी, पण वनस्पतींना तो खाऊ.

दुसरी फजिती क्रिप्टोकोरायनीची. नावाला घाबरू नका, ती आपल्या अळवाची नातलग आहे, आणि तिच्या काही जाती पश्चिम घाटातल्या ओढ्यांत आपसूक वाढतात. दुकानातून आणलेल्या माझ्या रोपाची पानं आठवड्यात विरघळून चिकट झाली. मेलं समजून मी ते फेकलं. फार घाई केली! अशी रोपं पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात आली की हवेतली पानं टाकून देतात आणि मुळांतून पाण्यातली नवी पानं काढतात. मी तीन-चार आठवडे थांबायला हवं होतं.

तुमची टाकी जमली की दोन महिन्यांत झाडांची गर्दी होईल आणि ती छाटावी लागतील. ती छाटण ओढ्यात, तळ्यात, विहिरीत मुळीच टाकू नका. आपल्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, जांभळ्या फुलांच्या हौसेपायी जगभर पोचलेली. आपल्याकडची हायड्रिला माशांच्या टाक्यांसाठी अमेरिकेत गेली आणि तिने फ्लोरिडातली तळी नि कालवे भरून टाकले. छाटलेली पानं कुंडीतल्या मातीत मिसळा, नाहीतर मैत्रिणीला द्या. सोबत एखादी गोगलगाय फुकट!